फिलामेंट उडाली!

क्ष-किरण जनरेटर बंद पडायची वेळ सहसा सोयीची नसते. महिनोन्‌महिने खपून वाढवलेला प्रथिनाचा स्फटिक एकदाचा बसवलेला असतो, डिटेक्टरवर ठिपके स्वच्छ उमटत असतात, आणखी एक रात्र मिळाली की डेटा पुरा होणार असतो. आणि जनरेटर ट्रिप होतो. पुन्हा चालू करून पाहावं तर पाणी वाहतंय, व्हॅक्यूम ठीक आहे, ॲनोड फिरतोय, किलोव्होल्टही चढताहेत. फक्त मिलिअँपिअरचा आकडा शून्यावरून हलायला तयार नाही. अशा वेळी प्रयोगशाळेतल्या जुन्या माणसाला मॅन्युअल उघडावं लागत नाही. 'फिलामेंट उडाली' एवढंच म्हणून तो मल्टिमीटर शोधायला लागतो.

उडते ती वस्तू जेमतेम सेंटीमीटरभर लांबीची. टंगस्टनची बारीक, वेटोळी घातलेली तार, दोन पायांवर उभी केलेली. तिच्यातून काही अँपिअर प्रवाह सोडला की ती पांढरी होईतो तापते आणि इलेक्ट्रॉन बाहेर टाकू लागते. समोर तांब्याचा ॲनोड असतो. दोघांमध्ये ४०-५० हजार व्होल्टचा दाब. तारेतून सुटलेला इलेक्ट्रॉन तांब्यावर आदळेपर्यंत प्रकाशाच्या वेगाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. या टकरीतून क्ष-किरण निघतात, पण फार थोडे. हजार भाग ऊर्जा ओतली तर त्यातला जेमतेम एक भाग किरणांच्या रूपात हाती लागतो. बाकीची सगळी निव्वळ उष्णता. ५० किलोव्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर म्हणजे ५ किलोवॉट. घरातले अडीच गिझर जेवढी वीज खातात तेवढी तांदळाच्या कणीएवढ्या ठिपक्यावर ओतायची, असा हा मामला. तांबं स्थिर राहिलं तर क्षणात वितळेल. म्हणून ॲनोड फिरता ठेवतात आणि त्याच्या पोटातून पाणी खेळवतात.

जगभरच्या रचनाशास्त्राचा, म्हणजे औषधं, विकरं, विषाणू यांचे रेणू दिसतात कसे हे सांगणाऱ्या शास्त्राचा, बराच मोठा काळ या तारेवर तोलला गेला आहे. तिच्याबद्दल लिहिलेलं मात्र फारसं सापडत नाही. शोधनिबंधात जनरेटरचं मॉडेल येतं, किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअर येतात. तार कुणी बदलली, हे येत नाही.

रॉन्टजेनकडे ही तार नव्हतीच. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गला त्याने पहिल्यांदा हे किरण पाहिले, तेव्हा त्याच्या नळीत थोडी हवा शिल्लक ठेवलेली असे. त्या हवेचे आयन थंड कॅथोडवर आदळून इलेक्ट्रॉन काढत. पद्धत चालायची, पण बेभरवशाची. वापरता वापरता नळीतला वायू कमी होत जाई आणि किरणांचा जोर बदलत राही. आज नळी कशी वागतेय हे बघायला कितीतरी डॉक्टर आणि तंत्रज्ञ स्वतःचाच हात किरणांत धरत. त्याची किंमत अनेकांनी बोटं आणि प्राण देऊन मोजली.

हे बदललं ते विल्यम कूलिज या अमेरिकन माणसामुळे. हा विद्यार्थीदशेत लाइपझिगला असताना रॉन्टजेनला भेटलेला होता. १९०५ मध्ये तो स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेत रुजू झाला, तो क्ष-किरणांसाठी नव्हे, दिव्यांसाठी. बल्बमध्ये टंगस्टन वापरायचं होतं, कारण त्याचा वितळणबिंदू धातूंमध्ये सर्वांत वरचा, ३४२२ अंश सेल्सिअस. अडचण अशी की टंगस्टन ठिसूळ. वाकवायला गेलं की मोडायचं. कूलिजने टंगस्टनची पूड दाबून कांब केली, ती तापवली आणि तापलेली असतानाच सगळ्या बाजूंनी ठोकत ठोकत बारीक केली. मग हिऱ्याच्या भोकांतून ओढली. काही वर्षं या खटाटोपात गेली आणि १९१० च्या सुमारास टंगस्टन तारेसारखं लवू लागलं. आपल्याकडे परवापरवापर्यंत आकाशकंदिलात जो साठ वॅटचा बल्ब लावत, त्यातली तार या घराण्यातली.

तीच तार १९१३ मध्ये कूलिजने क्ष-किरणांच्या नळीत घातली. नळीतली हवा होता होईल तेवढी काढून टाकायची आणि इलेक्ट्रॉन तापलेल्या तारेतून घ्यायचे. आता तारेचा प्रवाह वाढवला की किरण वाढणार, व्होल्टेज वाढवलं की त्यांची भेदकता वाढणार. दोन्ही मुठी वेगवेगळ्या. दवाखान्यातलं आजचं जवळपास प्रत्येक क्ष-किरण यंत्र याच तत्त्वावर चालतं. गंमत म्हणजे लवचीक टंगस्टनवरचा कंपनीचा हक्क १९२८ मध्ये अमेरिकन न्यायालयाने काढून घेतला. टंगस्टन निसर्गाचं आहे आणि लवणं हा त्याचाच गुण. शोधून काढला म्हणून तो कुणाच्या मालकीचा होत नाही, असा निकाल. वर्षानुवर्षं ठोकाठोकी करणाऱ्या माणसाला तो कसा वाटला असेल, याची कल्पना करता येते. कूलिज त्यानंतरही भरपूर जगला. १९७५ मध्ये तो गेला तेव्हा १०१ वर्षांचा होता.

फिलामेंट मरते कशी? तिचं मरण तिच्या कामातच असतं. ती साधारण २१०० ते २२०० अंशांवर जळत असते. या तापमानाला टंगस्टन वितळत नाही, पण त्याची अत्यंत मंद वाफ होत राहते. तारेचा एखादा भाग इतरांपेक्षा केसभर बारीक असतोच. तिथे विजेला रोध जास्त, म्हणून तिथे उष्णता जास्त. उष्णता जास्त म्हणून वाफ जास्त. वाफ जास्त म्हणून तो भाग आणखी बारीक. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. शेवटी त्याच जागी तार तुटते. तुटलेलं टोक भिंगाखाली पाहिलं तर वितळून गोल झालेला थेंब दिसतो.

किती दिवसांत, हे चालवणाऱ्याच्या हव्यासावर अवलंबून. ओवेन रिचर्डसनने तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन किती सुटतात याचा नियम मांडला. त्याबद्दल त्याला १९२८ चं नोबेल मिळालं. त्या नियमाने हिशेब केला तर या पट्ट्यात सत्तरएक अंशांनी तापमान वाढवलं की इलेक्ट्रॉन जवळपास दुप्पट होतात. पण टंगस्टनची वाफ त्याहून वेगाने वाढते, तेवढ्याच सत्तर अंशांत सुमारे तिप्पट. म्हणजे दुप्पट बीम मागितला की आयुष्य जवळपास एक तृतीयांशावर. ज्या प्रयोगशाळेत प्रत्येक जण आपल्या पाळीत चार-दोन मिलिअँपिअर गुपचूप चढवतो, तिथे फिलामेंट वरचेवर उडते आणि दोष मात्र 'यावेळच्या लॉट'ला दिला जातो. नीट वागवली तर हीच तार काही हजार तास चालते.

दुसरा शत्रू पाणी. अर्व्हिंग लँगम्युअर हा कूलिजचाच प्रयोगशाळेतला सहकारी. बल्ब आतून काळे का पडतात, हे शोधताना त्याला पाण्याच्या वाफेचा एक दुष्ट खेळ सापडला. तापलेल्या तारेवर पाण्याचा रेणू येतो, ऑक्सिजन टंगस्टनला चिकटतो, हायड्रोजन मोकळा होतो. टंगस्टनचं ऑक्साइड उडून थंड भिंतीवर जाऊन बसतं. तिथे हायड्रोजन त्यातला ऑक्सिजन पुन्हा ओढून घेतो आणि पाणी नव्याने तयार. टंगस्टन भिंतीवर राहिलं, पाणी परत तारेकडे निघालं. म्हणजे पाणी स्वतः खर्ची पडत नाही. ते नुसतं हमाली करतं. एवढ्याशा ओलाव्यातून तारेचा केवढा तरी भाग भिंतीवर वाहून नेला जातो.

मुंबईत किंवा कोकणपट्टीत जुलै महिन्यात यंत्राचा चेंबर उघडायचा म्हटलं की अनुभवी तंत्रज्ञ कपाळाला आठ्या घालतो, तो यासाठी. नव्वद टक्के आर्द्रतेची हवा आत शिरली की स्टीलच्या भिंतींवर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि तो पंपाला लवकर दाद देत नाही. मग उपाय एकच. चेंबर हवेने भरायचा नाही, कोरड्या नायट्रोजनने भरायचा, आणि झाकण उघडं राहील ती मिनिटं मोजून वापरायची.

फिरत्या ॲनोडच्या यंत्रांतच ही बदलाबदली का करावी लागते, तेही सांगायला हवं. दवाखान्यातली किंवा साध्या पावडर डिफ्रॅक्टोमीटरची नळी सीलबंद असते. तिची तार गेली की अख्खी नळी काढून दुसरी बसवायची. फिरता ॲनोड पहिल्यांदा बाजारात आणला तो फिलिप्सच्या आल्बर्ट बाउवर्सने, १९२९ मध्ये, 'रोटालिक्स' या नावाने. तोही सीलबंद आणि दवाखान्यांसाठी. स्फटिकशास्त्राला मात्र तासन्‌तास, अखंड, प्रखर बीम हवा होता. त्यासाठी आत पाणी खेळवलेला ॲनोड, सतत चालणारे व्हॅक्यूम पंप आणि उघडता येणारा चेंबर अशी यंत्रं बनली. केंब्रिजला पेरुट्झ आणि केंड्रू हिमोग्लोबिन-मायोग्लोबिनच्या मागे लागले होते, तेव्हा त्यांच्यासाठी असं यंत्र टोनी ब्रॉड या अभियंत्याने घडवलं. पेरुट्झ-केंड्रूंना १९६२ चं नोबेल मिळालं, ते जगाला ठाऊक आहे.

त्या काळी एका चित्राला किती वेळ लागे? लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझलिंड फ्रँकलिन आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी मे १९५२ मध्ये डीएनएचं जे 'फोटो ५१' घेतलं, त्याला ६२ तास एक्स्पोजर द्यावं लागलं. त्यांची बारीक फोकसची नळी शेजारच्या बर्कबेक कॉलेजातल्या एरेनबर्ग आणि स्पिअर यांनी बनवलेली होती. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची गोष्ट सांगताना स्पर्धा, मत्सर, श्रेय यांवर पानंच्या पानं खर्च होतात. अडीच दिवस तार टिकली, ही त्या गोष्टीतली अट सहसा कुणी उच्चारत नाही.

आता प्रत्यक्ष काम. आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. यंत्राची वीज काढली की क्ष-किरण तत्क्षणी संपतात. आत काहीही किरणोत्सारी उरत नाही. धोका असतो तो उच्च दाबाच्या विजेचा. कॅथोडवर हजारो व्होल्टचा भार साचून राहिलेला असू शकतो. म्हणून चेंबरला हात लावण्याआधी अर्थिंगचा दांडा कॅथोडला टेकवतात. हे न करता घाई करणाऱ्याला चांगल्या प्रयोगशाळेत दुसरी संधी मिळत नाही. दुसरी जपायची जागा म्हणजे किरण बाहेर पडतात ती बेरिलिअमची खिडकी. कागदासारखी पातळ, ठिसूळ, आणि तिची धूळ फुप्फुसांना विषारी. तिला पुसायचंही नाही.

उघडण्याआधी मल्टिमीटर लावतात. कित्येकदा फिलामेंट शाबूत असते आणि केबलचा संपर्क सुटलेला असतो. झाकण उघडल्यावर हे कळलं तर आख्खा दिवस फुकट. तार तुटल्याची खात्री झाली की टर्बो पंप बंद करून तो पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची. मिनिटाला हजारो फेरे घेणारी त्याची पाती फिरत असताना हवा आत सोडली तर फिलामेंटपेक्षा किती तरी महाग वस्तू गमवावी लागते. मग नायट्रोजन सोडायचा. झाकण निघतं तेव्हा आतल्या भिंतींवर राखाडी-काळपट, मध्येच आरशासारखा चमकणारा थर दिसतो. गेल्या काही महिन्यांतली फिलामेंट भिंतींवर पसरलेली असते ती ही.

कॅथोडचा जोड टेबलावर येतो. फिलामेंट ज्या धातूच्या खाचेत बसते तिला फोकसिंग कप म्हणतात. इलेक्ट्रॉनांचा झोत पसरू न देता अरुंद पट्टीत ठेवणं हे त्याचं काम. छोटे स्क्रू ॲलन कीने काढायचे. त्यातला एखादा उष्णतेने जाम झालेला असतोच. जुनी तार चिमट्याचा नुसता स्पर्श होताच मोडते. एकदा तापून निघालेल्या टंगस्टनचे कण आतून वाढतात आणि कूलिजने घडवलेली लवचीकता निघून जाते. म्हणूनच वापरलेली फिलामेंट 'जरा सरळ करून' पुन्हा बसवण्याच्या फंदात कुणी पडू नये. कपवरचा काळा थर बारीक पॉलिशने काढतात, मग ॲसिटोनमध्ये आणि नंतर अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक आंघोळ. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा व्हॅक्यूममध्ये दिवसेंदिवस वाफ सोडत बसतो.

नवी तार डबीतून काढताना फक्त पायांना धरायची, वेटोळ्याला नाही. ती कपच्या खाचेत बरोबर मध्ये यायला हवी आणि ठरलेल्या खोलीवर. इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचीसुद्धा चूक चालत नाही. तार जरा वर राहिली तर झोत फाकतो, जरा खाली गेली तर हवे तेवढे इलेक्ट्रॉन बाहेरच येत नाहीत, तिरकी बसली तर ॲनोडवरचा ठिपका तिरका आणि पुढची सगळी प्रकाशिकी चुकलेली. त्यासाठी कंपनी गेज देते. काही जण गेजवरही न थांबता भिंगाखाली दोन्ही बाजूंची फट डोळ्याने जुळवतात. शेवटी पुन्हा मल्टिमीटर: तार कपला कुठे टेकत नाही ना?

उघडलंच आहे तर ॲनोडही पाहून घ्यायचा. दहा सेंटीमीटर व्यासाचं ते तांब्याचं चाक मिनिटाला ६००० फेरे घेतं, तेव्हा त्याची कड ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने पळत असते. फिरणाऱ्या दांड्याभोवती व्हॅक्यूम राखायला चुंबकीय द्रवाचं सील असतं. असा द्रव मुळात १९६३ मध्ये नासातल्या स्टीव्ह पॅपेलने अग्निबाणाच्या इंधनासाठी तयार केला होता. चाकावर जिथे झोत पडतो तिथे खरबरीत पट्टा उठलेला असतो. तो पॉलिश करायचा. मग ओ-रिंग. तिच्यावर डोक्याचा एक केस राहिला तरी व्हॅक्यूम धरत नाही. आणि तो केस सापडतो तो बहुधा सगळं बंद करून, रात्रभर पंप चालवून, सकाळी निराश झाल्यावर.

पंप सुरू झाला की उरते ती प्रतीक्षा, आणि बहुतेक फिलामेंटी याच टप्प्यावर अकाली मरतात. विद्यार्थ्याला घाई असते, गाइडला त्याहून जास्त. पण नव्या तारेतला आणि पुसलेल्या भिंतींमधला वायू हळूहळूच निघतो. फिलामेंटचा प्रवाह थोडा वाढवायचा, व्हॅक्यूम बिघडतो, तो सावरेपर्यंत थांबायचं, पुन्हा थोडा वाढवायचा. मग २० किलोव्होल्ट, १० मिलिअँपिअर. तिथे काही वेळ. आत ठिणगी पडून यंत्र ट्रिप झालं तर एक पायरी खाली. पूर्ण दाबापर्यंत जायला अर्धा दिवस सहज जातो. या कामाला एजिंग म्हणतात आणि याचं श्रेय कुणालाच मिळत नाही.

बीम आला तरी काम संपत नाही. नवी तार जुन्या जागी तंतोतंत बसत नाही, म्हणून आरसे आणि स्लिट पुन्हा जुळवावे लागतात. तपासायला सिलिकॉनची प्रमाणित पावडर असते. तांब्याच्या किरणांनी तिचं पहिलं शिखर २८.४४ अंशांवर यायला हवं. ते आलं की खोलीतले चेहरे सैल होतात. पण जाणता माणूस त्याच्या जरा अलीकडे, २७.२ अंशांवरही नजर टाकतो. तिथे बारीकसा उंचवटा दिसला तर तो सिलिकॉनचा नवा काही गुण नाही. फिलामेंटमधून उडालेलं टंगस्टन ॲनोडवर बसलंय आणि तेही आपले स्वतःचे किरण सोडतंय. अशा उंचवट्याला नवा पदार्थ समजून हरखून जाण्याआधी ॲनोड पुसायला हवा.

भारतात या कामाला आणखी एक बाजू आहे. यंत्रं बहुतेक परदेशी, सुटे भागही परदेशी. कोटेशन, मंजुरी, ऑर्डर, कस्टम्स या वाटेने फिलामेंट येते तेव्हा ज्या स्फटिकासाठी ती मागवली तो कधीच विरघळून गेलेला असतो. शहाण्या प्रयोगशाळा म्हणूनच कपाटात दोन तरी फिलामेंट शिल्लक असल्याशिवाय झोपत नाहीत. टंगस्टनच्या खनिजाच्या नोंदी आपल्याकडेही आहेत: राजस्थानात देगाणा, आणि महाराष्ट्रात नागपूरकडे कुही-खोबणा पट्टा. पण खनिज जमिनीत असणं आणि प्रमाणित वेटोळं डबीत असणं यांत बराच पल्ला आहे. जगातलं बहुतांश टंगस्टन आज चीनमधून येतं.

इकडे यंत्रंही बदलत चालली आहेत. आता तीस-पन्नास वॉटवर चालणारे सीलबंद मायक्रोफोकस स्रोत आले आहेत. त्यांचा झोत आरशांनी असा एकवटलेला असतो की पाच किलोवॉटच्या जुन्या धुडाशी ते बरोबरी करतात. त्यांची तार कुणाला बदलावी लागत नाही, बदलताही येत नाही. आणि ज्यांना याहून प्रखर बीम हवा ते सिंक्रोट्रॉनकडे जातात. इंदूरच्या इंडस-२ वर भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिनांच्या स्फटिकांसाठी स्वतंत्र बीमलाइन उभारली आहे. याच केंद्राच्या ट्रॉम्बेतल्या शास्त्रज्ञांनी एचआयव्हीच्या प्रोटिएज या विकराच्या रचना उलगडल्या. ही प्रगती चांगलीच आहे. ओ-रिंगवरचा केस शोधण्यात कुणाची रात्र जावी, असं कुणी म्हणणार नाही. पण उघडता येणाऱ्या यंत्राने विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांना व्हॅक्यूम, उच्च दाब, धातू आणि धीर हे चारही विषय एकाच टेबलावर शिकवले. सीलबंद डब्याला ते जमणार नाही.

विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत असे फिरत्या ॲनोडचे जनरेटर अजून चालू आहेत. पदार्थविज्ञान, रसायन किंवा जैवतंत्रज्ञानाचं शिक्षण घेणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं: तुमच्या विभागात पुढच्या वेळी फिलामेंट उडेल तेव्हा 'मशीन डाऊन आहे' म्हणून कँटीनला जाऊ नका. हातमोजे घाला आणि तंत्रज्ञाच्या शेजारी उभे राहा. आणि त्यानंतर निबंध लिहाल तेव्हा आभाराच्या परिच्छेदात त्याचं नाव घाला.